म्हाकूबाईचा लाल लेप

फार वर्षांपूर्वी, माळावर लांडगे पुष्कळ होते आणि शहाणी माणसं आजच्याइतकीच होती, म्हणजे फार नव्हती, तेव्हा खडकवाडीत म्हाकूबाई नावाची धनगरीण राहत होती. शेळ्यांच्या करडांच्या गाठी बऱ्या करण्यात तिचा हात धरणारं त्या मुलखात कुणी नव्हतं, असं म्हणतात.

करडांना बाभळीच्या शेंगांचा भारी सोस. खाता खाता काटा रुतायचा आणि जबड्याखाली गाठ धरायची. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी, मग आत पू.

म्हाकूबाईचं औषध अगदी साधं, म्हणून तर ते कुणाला पटायचं नाही. गाठीचं करडू वेगळं बांधा. कच्च्या गाठीला हात लावू नका. ती मऊ पडली, वरचे केस गळाले, की माझ्याकडे आणा. मग ती करडाला वाडीबाहेरच्या खडकावर न्यायची, सुरी तापवून गाठीच्या खालच्या अंगाला चीर द्यायची, पू पळसाच्या पानावर घेऊन पानासकट जाळायची आणि जखम कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची. तिच्या मांडीवर करडू ओरडायचं नाही, उलट जांभई द्यायचं, असं म्हणतात.

पण वाडीला एक खोड होती. गाठ दिसली की दाबायची. रामराम नंतर, आधी अंगठा. येणारा दाबायचा, जाणारा दाबायचा. हसू नका, तुम्हीही दाबली असती.

"म्हाकू, पिकली की गं ही! काप की!" रखमाजी कारभारी म्हणायचा. वाडीत वयानं तोच मोठा, आणि दाबण्यातही.

"कारभारी, तुमची दाढी पिकली, गाठ न्हाई पिकली. हात काढा."

"मऊ लागती की!"

"तुमचा अंगठा मऊ झालाय, रोज दाबून दाबून."

असं दिवसातून वीस वेळा. म्हाकूबाईचा जीव करडांना कधी कंटाळला नाही, माणसांना मात्र विटला.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मोठा घोटाळा झाला. एक पिकलेली गाठ शेळ्या कोंडायच्या वाडग्यातच कुणाच्या तरी अंगठ्याखाली फुटली. तो अंगठा धोतराला पुसून दुसऱ्या करडावर गेला, तिथून तिसऱ्या. आठ दिवसांत एकोणीस करडांना गाठी! आणि दिवाळी झाली की कळप घेऊन खाली कोकणात उतरायचं होतं. गाठींची करडं बघितली की तिकडचा शेतकरी कळप शिवारात उभा करत नसे. माळावर चारा संपलेला. खाली जागा मिळाली नाही तर सगळा कळपच उपाशी मरणार. गाठी आलेल्या एकोणिसांत पाखरीही होती. आईवेगळं करडू, म्हाकूबाईनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलेलं.

"कोण दाबतंय?" म्हाकूबाईनं विचारलं.

"आम्ही? बिरोबाची आण!" सगळी वाडी एका सुरात.

म्हाकूबाईनं हळदीत चुना कालवला, लालभडक लेप केला आणि एकोणीस गाठींना थापला. सूज उतरवायला लेप चांगलाच. पण त्याचा रंग तीन दिवस जात नाही, हे ती सांगायला विसरली. मुद्दामच विसरली, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना देवळापुढं उभं केलं. "हात दावा."

रखमाजीचा अंगठा लाल. "मी पान खात हुतो," तो म्हणाला.

"अंगठ्यानं?"

पुजाऱ्याचा लाल. तीन सुनांचे लाल, आणि त्यांना रागावायला आलेल्या सासूचाही लाल. शेवटी एकच माणूस मूठ मिटून उभा होता, तिचा नवरा धुळाबा.

"अवो, तुमी पण?"

"एकदाच गं. पाखरीची. पिकली का बघत हुतो."

म्हाकूबाईनं कपाळाला हात लावला आणि वैतागून देवाकडं वळली. बघते तर काय, बिरोबाच्या दगडाला उजव्या अंगाला, माणसाचा अंगठा असतो बरोबर तिथं, लाल ठिपका!

"देवा, तू सुद्धा?" ती ओरडली. तेव्हा दगड शरमेनं घामानं निथळला, असं म्हणतात.

मग तिनं लोकरीचा दोरा घेतला आणि सगळ्यांचे दोन्ही अंगठे मुठीत घालून मुठी बांधल्या. देवाच्या दगडालाही दोरा गुंडाळला. बारा दिवस! भाकरी दोन मुठींच्या चिमट्यात धरून खाल्ली. शेळ्यांची धार काढता येईना, सगळं दूध करडांनीच ओढलं. करडं तुकतुकीत झाली, गाठी एकामागून एक पिकल्या आणि म्हाकूबाईनं खडकावर अठरा फोडल्या.

पाखरीची तेवढी पिकेना. बाराव्या दिवशी सगळी वाडी भोवती उभी, बांधलेल्या मुठींनी खुणावत होती, काप, काप. उद्या निघायचं होतं. म्हाकूबाईनं हात पुढं केला, आणि तिला दिसलं, तिचाच अंगठा गाठीवर टेकायला निघालाय.

"धनी," ती कशीबशी म्हणाली, "दोरा आणा. माझ्याबी मुठी बांधा."

धुळाबानं मुठीनं, दातानं धडपडत तिच्या मुठी बांधल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना गाठ आपोआप मऊ पडून फुटली होती, आणि पाखरी वाडीबाहेरच्या खडकावर स्वतःच जाऊन उभी होती, असं म्हणतात. पान जाळलं, जखम धुतली, पाखरीला वेगळ्या दोरीनं मागं धरलं आणि कळप वेळेवर घाट उतरला.

म्हाकूबाई पुढं म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिच्या मुठी मिटलेल्या होत्या, अंगठे आत. चार गड्यांनाही त्या उघडता आल्या नाहीत.

आजही कोकणात उतरण्याआधी बारा दिवस खडकवाडीत आजारी करडांना लाल लेप लावतात. पाहुण्यारावळ्यांसकट सगळ्यांच्या अंगठ्याला लोकरीचा दोरा बांधतात आणि दूध करडांना सोडतात. तेराव्या दिवशी देवळापुढं म्हाकूबाईचं नाव घेऊन सगळे हात दाखवतात.

गेल्या वर्षी बावीस अंगठे लाल निघाले. देवाचा धरून.