सगुणाबाईची परडी आणि शिंजीर

एका गावात सगुणाबाई नावाची एक बाई राहायची, आणि देवळातली देवी जागी व्हायच्या आधी तिची परडी जागी व्हायची. पहाटे कोंबडं आरवायच्या आत ती अंगणात हजर. जास्वंद, अबोली, कण्हेर, जे फुललं असेल ते परडीत. जे फुलायच्या बेतात असेल तेही परडीत. शेजारच्या कोंडाबाईची एखादी फांदी कुंपणावरून आत डोकावली, की तीही आकडीनं खाली ओढून मोकळी. देवीची पूजा म्हटल्यावर कोंडाबाई तरी काय बोलणार?

उजाडेपर्यंत झाडं बोडकी आणि परडी शिगोशीग. देवळात बायका म्हणायच्या, "परडी असावी तर सगुणाबाईसारखी!" हे ऐकलं की तिची मान नकळत ताठ व्हायची. बिचारीला वाटायचं, देवी सकाळी डोळे उघडते ती आपली परडी बघायलाच.

तिचा नवरा रावजी गावातली कौलं शाकारायचा. या घरावरून त्या घरावर, सगळा उन्हाळा त्याचा छपरावरच जायचा. एकदा एका छपरावरून त्याचा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. वैद्यबुवांनी हाड बसवलं, पट्ट्या बांधल्या, पुढे यथावकाश सोडल्याही. म्हणाले, "हाड जुळलं. आता उठा."

पण रावजी उठेना. आधी "बघू उद्या" म्हणायचा. मग तेही म्हणेनासा झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास खाई, नाही ठेवलं तर मागतही नसे.

वैद्यबुवांनी सगुणाबाईला दाराशी बोलावलं. "माझं औषध संपलं, बाई. आता त्याला उठावंसं वाटलं पाहिजे. असाच पडून राहिला तर पाय आखडेल, मग अंथरूण कायमचं."

सगुणाबाई लगेच कामाला लागली. तिनं भरली वांगी करून पाहिली, रावजीच्या मित्रांना गप्पांना बोलावलं, भजनी मंडळ घरी आणून टाळ कुटवले. रावजीनं पांघरूण डोक्यावरून घेतलं. शेवटी ती त्याच्या उशाशी बसली. "अहो, तुम्हाला बघावंसं तरी काय वाटतं?"

रावजी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "छपरावर बसलं की शिंजीर दिसायचा. इथून काय दिसणार? भिंत."

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू. सावलीत काळं, उन्हात आलं की जांभळं-निळं चमकणारं. चोच वाकड्या सुईसारखी, फुलात खुपसून मध पिणारी. एका जागी क्षणभर बसेल तर शपथ!

"एवढंच ना?" म्हणत सगुणाबाईनं पदर खोचला. रावजीची खाट तिनं ओढत खिडकीशी आणली. खिडकीबाहेर लाल कर्दळीचे कंद पुरले, अडुळसा लावला, जास्वंदीला शेणखत घातलं. झाडांनी हात आखडता घेतला नाही. चैत्र लागेपर्यंत कर्दळीला तुरे आले, अडुळसा पांढरा झाला. तेवढ्यावरही तिचं समाधान होईना. तिनं नारळाच्या करवंट्या दोरीनं टांगल्या आणि त्यांत गुळाचं पाणी भरलं.

पाहुणे आले, पण भलतेच. मुंग्यांची रांग दोरीवरून उतरली. गांधीलमाश्यांनी मुक्काम ठोकला, त्यातली एक कोंडाबाईच्या नाकाला डसली आणि तिचं नाक भजीसारखं फुगलं. एका कावळ्यानं तर करवंटीच उलटी केली. शिंजिराचा पत्ता नाही.

"गूळ दिला, झाडं लावली, आता काय पायघड्या घालू?" सगुणाबाई कुंपणाशी उभी राहून कुरकुरली.

"मला विचारू नकोस," कोंडाबाई नाक धरून म्हणाली.

आणि रोज पहाटे, न चुकता, सगुणाबाईची परडी भरतच होती.

देवीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी ती ओसरीवर हार ओवत बसली होती. अंगणातून "च्विट, च्विट" असा आवाज आला. तिनं मान वर केली आणि सुई बोटात टोचून घेतली. "अहो! आला! बघा तरी!"

रावजीनं कूस बदलली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड खिडकीकडे वळलं.

शिंजीर जास्वंदीवर बसला. तिथं नुसते देठ. तो कर्दळीवर गेला. तिथंही देठ. अडुळशावर उलटा लटकून त्यानं इकडून तिकडून पाहिलं. मग करवंटीकडे झेपावला, पण मुंग्या बघून मागच्या मागे वळला आणि भुर्रकन कुंपणापलीकडे गेला.

"उपाशी गेला," रावजी म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

सगुणाबाईनं खाली पाहिलं. जास्वंद, कर्दळ, अडुळसा, सगळं तिच्या ओटीत होतं. जिव्हारी लागलं तिला. आपण पाहुण्याला आवतण दिलं आणि त्याचं ताट रोज पहाटे आपणच उचलून नेलं, हे आता तिला लख्ख कळलं.

कळलं, पण वेळ मोठी अवघड होती. दुसऱ्या दिवशी जत्रा. त्या गावात जत्रेच्या सकाळी ज्या बाईची परडी सगळ्यांत भरलेली, तिचीच फुलं देवीला पहिली वाहिली जात. वर्षानुवर्षं तो मान सगुणाबाईचा होता. कोंडाबाई तर त्यावर डोळा ठेवूनच होती.

पहाटे ती परडी घेऊन जास्वंदीपुढे उभी राहिली. झाड नुसतं लालबुंद झालं होतं. तिनं मनाशी म्हटलं, आजचा दिवस नेऊ, उद्यापासून ठेवू. हात पुढे गेला. मग वाटलं, काल उपाशी गेलेलं पाखरू आज पुन्हा उपाशी गेलं, तर परत कशाला येईल? आणि काल वळलेला माणूस परत वळेल का? हात मागे आला. मग वाटलं, देवी रागावली तर? हात मध्येच थांबला. खरं सांगायचं तर देवीपेक्षाही तिला बायकांची भीती जास्त वाटत होती.

शेवटी तिनं देवळाच्या दिशेनं हात जोडले. "आई, फुलं तुझीच, पाखरूही तुझंच, आणि खाटेवरचा तो माणूसही तूच पदरात घातलेला. मी आज एकच आणते. तू समजून घे."

तिनं एक जास्वंद तोडली, बाकीच्या झाडाला हात लावला नाही.

देवळात कोंडाबाईची परडी ओसंडून वाहत होती. सगुणाबाईच्या परडीत गुरवानं डोकावलं आणि पुन्हा एकदा डोकावलं. "सगुणाबाई, एकच?"

"बाकीची देवीच्या नावानं झाडावरच ठेवलीत, गुरवदादा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. "आटली गं बाई परडी!" पहिला मान कोंडाबाईला गेला. सगुणाबाईचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलंच तिला, उगाच नाही कशाला म्हणा. पण तिनं जास्वंद देवीच्या पायाशी ठेवली आणि प्रसादासाठीही न थांबता घर गाठलं.

घरात पाऊल टाकलं आणि पाहते तर काय, खाट रिकामी!

"शूऽऽ!"

रावजी खिडकीशी उभा होता. दोन्ही हातांनी गज घट्ट धरलेले, पाय लटलट कापत होते, आणि नजर बाहेर. कर्दळीवर शिंजीर होता. चोच फुलात, शेपटी वर, सकाळच्या उन्हात नुसता झगमगत होता.

"अहो... तुम्ही उभे आहात!"

"मग काय करू?" रावजी कुजबुजला. "मादी पण आलीय. ती पलीकडच्या फांदीवर बसली. झोपून दिसेना."

सगुणाबाईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तिनं त्याच्या काखेखाली खांदा दिला, आणि पाखरं उडून जाईपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रावजी दारापर्यंत आला, मग काठी टेकत अंगणात. करवंट्या त्यानंच काढून टाकल्या. मादीनं अडुळशाजवळच्या वेलीवर घरटं बांधायला घेतलं. कोळ्याची जाळी, वाळका पाला, चिंध्या असा सगळा कचरा गोळा करून तिनं एक पिशवी लोंबकळत ठेवली. सगुणाबाईचे हात झाडू मारायला नुसते शिवशिवत. "ओसरीतल्या जाळ्यांना हात लावशील तर बघ," रावजी दटावायचा, "ती सिमेंट कुठून आणणार?"

कोंडाबाईनं महिनाभर मान मिरवला. मग एके सकाळी ती कुंपणावरून घरट्याकडे टक लावून पाहत बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याही झाडावर फुलं दिसू लागली. रावजी आता रोज सकाळी अंगणात फेऱ्या मारतो, आणि कुठली फुलं तोडायची, कुठली नाही, यावरून बायकोशी कडाकडा भांडतो. सगुणाबाई म्हणते, भांडू देत.

तात्पर्य काय, तर कुणाला मनापासून बोलवायचं असेल, तर नवं काही मांडण्याआधी आपण काय उचलून नेतो ते पाहावं. त्याच्या वाट्याचं त्याच्यासाठी राहू देणं, हीसुद्धा पूजाच.