उमरावाची जागा

कापडावरची माणसं बोलत असत, त्या काळातली गोष्ट. बारा ऑक्टोबर, स्वच्छ ऊन, वारा पडलेला. फ्रान्समधल्या एका नदीकाठच्या गावात गास्पार नावाचा कारागीर खुर्चीला छापील कापड चढवायला बसला. पांढऱ्या सुती कापडावर एकाच लाल रंगात घोड्यावरचा उमराव छापला होता आणि त्याच्याखाली तीन बदकं हाकणारी मार्गो.

कापड जेमतेम होतं. मधोमध येणारं चित्र अख्खं राहतं आणि कडेचं कापलं जातं, हे मार्गोला ठाऊक होतं.

“काका, मला कुठेही लावा,” ती म्हणाली, “पण माझी बदकं तोडू नका.”

“आधी माझं बघ!” उमराव खेकसला. “सगळ्यात ऐसपैस जागा कुठली?”

“बैठक, सरकार. पण तिथे...”

“पण नाही न् बिण नाही. मी बैठकीच्या मधोमध. या बदकवालीला ढकल मागे, पाठीवर.”

“चालेल की,” मार्गो हसली. “जागा अरुंद आहे, पण आम्ही चौघं मावू.”

“सरकार, एकदा विचार करा.”

“मला शिकवतोस? ठोक खिळे!”

गास्पारने ठोकले.

खुर्ची गावच्या जाडजूड गिरणीवाल्याने नेली. त्याला रोज संध्याकाळी पुढे वाकून पत्ते खेळायची सवय होती. पाठ तो कधी टेकत नसे.

एप्रिलपर्यंत उमरावाचं नाक, टोपी आणि घोड्याचं तोंड झिजून गेलं. मार्गोची तिन्ही बदकं शाबूत होती.