झमकाबाईचा घोट

बोरमाळावर पहिला ट्रॅक्टर आला, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्यातलं आता कुणी उरलं नाही, म्हणून मी सांगतो ते मुकाट्यानं ऐका आणि मधेच फाटे फोडू नका.

त्या वेळी दर उन्हाळ्यात आमच्याकडं एक घिसाडीण यायची. झमकाबाई तिचं नाव. गाढवाच्या पाठीवर ऐरण, घण, सांडशी, एवढाच तिचा संसार. ट्रॉलीचे मोडके पाटे घ्यायची आणि त्यांचे विळे घडवून द्यायची. पाटे ठाऊक आहेत ना? ट्रॉलीखाली, चाकांच्या आसावर, पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, ते. सगळा भार त्यांच्यावर. असं म्हणतात, की चालत्या ट्रॉलीकडं नुसतं बघून झमकाबाई सांगायची, कुठला पाटा थकलाय.

एका चैत्रात भर दुपारी माळाला वणवा लागला. तीन बाजूंनी आग, वारा भणाणलेला, आणि वाट उरली ती एकच, कोरड्या ओढ्याकडं उतरणारी. ओढ्यात नुसते धोंडे. तिथं गवताची काडी नाही, म्हणजे आगही जायची नाही. तरणेताठे पळत सुटले. पण म्हातारी माणसं, लेकरं आणि चार दिवसांची ओली बाळंतीण सगुणा पळणार कशी? ट्रॅक्टरवाल्या केरबानं ट्रॉली जोडली आणि सगळ्यांना वर घेतलं.

आता इथं आमच्या माणसांनी घोळ घातला. जन्मभर ट्रॉलीत गवतच भरलेलं. गवताला वजन ते काय! भार उंचीवरून ओळखायचा, हीच सवय. तेव्हा त्या दिवशीही गवताच्याच उंचीएवढं भरलं. ज्वारीची पोती, जाती, पेट्या, उखळ, आणि त्यावर माणसं. ट्रॉली निम्म्या वाटेवर आली, एका खळग्यात आदळली आणि खाली काडकन वाजलं. सगळ्यात वरचा लांब पाटा तुटला. आस मागं सरकला, चाक फळीला जाऊन घासलं आणि ट्रॉली जागच्या जागी बसली.

मागून गाढव हाकत झमकाबाई येत होती. तिनं वाकून खाली पाहिलं.

"जाती-पोती टाका खाली. सगळी," ती म्हणाली.

"टाकली तरी चाक फिरणार आहे का बाई?" केरबाला रडू यायचंच बाकी होतं.

"दुसरा पाटा आखूड आहे, पण चालंल. त्याचं टोक गोल वळवायचं, खीळ त्यातच बसते. तापवायला जाळ पाहिजे."

कोळसा तर तिच्याकडं चिमूटभर नव्हता. जाती-पोती खाली टाकली, धोंड्यांची थप्पी लावून ट्रॉली उचलली, दुसरा पाटा सोडवला. झमकाबाईनं तो खांद्यावर टाकला आणि सरळ वणव्याकडं चालू लागली. लोक ओरडले, कुणी पदर धरला. ती थांबली नाही. उतारावर एक वठलेली बाभूळ पेटून लालबुंद झाली होती. तिच्या बुंध्यात बाईनं पाट्याचं टोक खुपसलं. असं म्हणतात, की त्या दिवशी भाता वाऱ्यानंच चालवला, आणि पाटा तापेपर्यंत आगीनं तिच्या लुगड्याला हात लावला नाही. हसू नका. मी ऐकलं तसं सांगतोय.

ती परतली तेव्हा सांडशीतलं टोक उगवत्या सूर्याच्या रंगाचं होतं. ऐरण वाटेतच मांडली.

"केरबा, घण घाल. मी सांगंन तिथंच."

घण पडत राहिला, टोक वळत गेलं. मागं धूर एवढा दाटला, की ट्रॉलीतली लेकरं खोकून खोकून निळी पडायला लागली. टोक वळलं. पण एवढ्यावर भागत नाही. तापलेल्या पोलादाला पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते मऊच राहतं आणि भार आला की वाकतं.

पाणी होतं एका हंड्यात. सबंध ट्रॉलीत तेवढंच. हंडा सगुणाच्या सासूनं, हौसाक्कानं, मांडीत घट्ट धरला होता.

"लेकरांच्या घशाला कोरड पडलीय, बाळंतीण पाण्यावाचून आहे. लोखंडाला कसलं पाणी?" हौसाक्का म्हणाली. तिचं तरी काय चुकलं होतं?

सगुणानं बाळ उराशी धरलं आणि दुसऱ्या हातानं हंडा पुढं सारला. "आत्या, द्या. आधी पाट्याला पाजा. तो चालला तर आपण पिऊ."

झमकाबाईनं पाणी धारेनं ओतलं. असं म्हणतात, की त्याची वाफ एवढी उठली, की वणवाही घटकाभर जागीच थबकला. पाटा बसला, खीळ ठोकली, पट्टे आवळले. तळाला एक घोट उरला होता. सगुणानं तो तांब्यात घेऊन झमकाबाईपुढं धरला. दुपारभर आगीपुढं उभी होती बाई, ओठ फुटून रक्त आलं होतं.

तिनं तांब्या घेतला, पाट्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याची तहान अजून भागली नाही." तो घोटही तिनं पाट्यावर ओतला.

ट्रॉली ओढ्यात उतरली. सगळी माणसं वाचली. मग कुणीतरी मागं वळून पाहिलं, तर वाटेवर धूरच धूर, आणि झमकाबाई कुठंच दिसेना. दुसऱ्या दिवशी राखेत ऐरण सापडली. बाई नाही, गाढव नाही. कुणी म्हणतं ती दुसऱ्या वाटेनं निघून गेली, कुणी दुसरंच म्हणतं. मला विचाराल तर ती गेलेली नाही.

आजही बोरमाळावरून भरलेली ट्रॉली निघाली, की आधी पाट्यावर तांब्याभर पाणी ओततात. मग दुसरा तांब्या सगळ्यांत फिरतो आणि तळाला एक घोट ठेवून तो वाटेवरच्या त्या ऐरणीपाशी नेतात. टँकर आठ-आठ दिवस येत नाही, तेव्हाही तो घोट कुणी पीत नाही. तो झमकाबाईचा.

सगुणाच्या त्या पोरीचं नावही झमकाच ठेवलं. ती माझी आई. उभ्या जन्मात तिनं तांब्या तळापर्यंत रिकामा केलेला मी पाहिला नाही.