क्लिंगनलायच्या तळघरातली चूल

मोझेल नदीच्या एका अरुंद वळणावर क्लिंगनलाय नावाचे लहानसे गाव आहे. गावामागची टेकडी इतकी उभी, की द्राक्षे तोडणारे कमरेला दोर बांधून उतरतात. टेकडीवर मातीपेक्षा दगडच जास्त, आणि दगडही कसला, तर आपण लहानपणी ज्यावर मुळाक्षरे गिरवली त्या पाटीचा. टेकडीच्या पोटात, घरांच्या बऱ्याच वर, खडक खोदून केलेले एक तळघर आहे. वाइनची लाकडी पिंपे तिथे ओळीने आडवी ठेवलेली असतात. पाहुणे आत शिरतात, गारव्याने अंग चोरतात, आणि मग छताकडे पाहून हमखास विचारतात, "इथं काजळी कशी?"

प्रश्न रास्त आहे. वाइनच्या तळघरात विस्तव नेणे म्हणजे देवघरात चपला घालून शिरण्यासारखे. तरीही इथल्या कोपऱ्यात दगडी चूल आहे, आणि ती शोभेची नाही. पाहुण्यांना तळघर दाखवणारे लीनुस आजोबा ह्या प्रश्नाची वाटच पाहत असतात. ते आधी सगळ्यांना बाकावर बसवतात, कुणी घड्याळाकडे पाहिले तर त्याच्यावर डोळे वटारतात, आणि मग वालबुर्गाची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, ही सगळी टेकडी पलीकडच्या मठाची होती. गावकरी तिचे तुकडे कसायला घेत. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात मठाचे कोठीप्रमुख येत आणि प्रत्येकाच्या पिंपातली वाइन चाखत. ज्याची बिघडली असेल त्याच्याकडून उतार काढून दुसऱ्याला दिला जाई. वालबुर्गाकडे दक्षिणेकडे तोंड केलेला, दिवसभर ऊन खाणारा उतार होता. तिचा नवरा माथियास जन्मभर त्या उतारावर दगडी बांध रचत राहिला आणि एकदा बांधाचाच दगड निसटला, तेव्हा त्याखाली चिरडून मेला. तिथला एकेक दगड त्याच्या हातचा होता. उतार हातचा गेला तर माथियास दुसऱ्यांदा जाईल, असे तिला वाटे.

त्या काळी क्लिंगनलायची वाइन गोड असे. त्यात गावाची काही हुशारी नव्हती, लीनुस आजोबा मुद्दाम सांगतात. रीसलिंग द्राक्षांचा रस पिंपात भरला की तो आंबू लागे आणि आतून बारीक गुणगुण ऐकू येई. मग थंडी पडे, गुणगुण थांबे, आणि रसात उरलेली साखर तशीच राही. ऊब लागली तर रस पुन्हा आंबून ती संपे. म्हणून गावाचा कडक नियम होता, की एकदा पिंप गप्प झाले की तळघरात उबेची कुठलीही वस्तू न्यायची नाही. दिवासुद्धा काम झाले की लगेच बाहेर.

अशाच एका हिवाळ्यात नदी गोठली. मग बर्फ फुटला, त्याचे तुकडे वळणावर अडकले आणि पाणी गावात शिरले. लोक गुरेढोरे घेऊन टेकडीमाथ्यावरच्या नातेवाइकांकडे पळाले. वालबुर्गा तळघराचे दार नीट लागले आहे का ते बघायला निघाली, तेव्हा तिला खाली एक नाव चिरडलेली दिसली. तिच्याशेजारी काठावर नावेतून खारवलेली मासळी वाहणारे एक कुटुंब अडकले होते: योस्ट नावाचा नावाडी, त्याची बायको त्रीना, दोन लहान मुले आणि योस्टची म्हातारी आई. सगळे नखशिखांत भिजलेले. म्हातारीला माथ्यापर्यंत चढणे शक्य नव्हते. वालबुर्गाने तिला पाठीवर घेतले आणि सगळ्यांना तळघरात आणले.

तिचा शेजारी काश्पार आपली पिंपे बघून निघाला होता. तो दारातच थबकला.

"आसरा दे, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण चूल पेटवू नकोस. तुझी पिंपं बिघडली तर उतार गेला समज."

"तुझी पिंपं शेजारच्या भुयारात आहेत. तू तुझं दार ओढून घे," वालबुर्गा म्हणाली.

काश्पार गेला. म्हातारीचे ओठ निळे पडले होते. वालबुर्गाने आपल्या पिंपांवरून हात फिरवला आणि त्यांची माफी मागितली, असे सांगतात. मग तिने कोपऱ्यात चार दगड मांडले, वेलींच्या छाटणीच्या काड्या आणल्या आणि विस्तव केला.

पाणी ओसरायला पुष्कळ दिवस लागले, आणि नवी नाव बांधायला त्याहून जास्त. तोवर चूल विझली नाही. एका सकाळी म्हातारी म्हणाली, "पोरी, तुझं पिंप बोलतंय गं."

वालबुर्गाने पिंपाला कान लावला. आत गुणगुण सुरू झाली होती. ह्याचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. गोडवा चालला होता, आणि त्याच्याबरोबर उतारही. ती तिथेच बसून रडली. पण रडून झाल्यावर तिने थोडी वाइन काढून चाखली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखली. गोडी उतरत होती हे खरे, पण नदी आटताना तळाचे गोटे दिसू लागावेत तसे खालून काहीतरी वर येत होते. आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा. मग लिंबाची साल. आणि सगळ्यांत शेवटी एक वास, जो तिने नाकाने ओळखला पण तोंडात कधी अनुभवला नव्हता: ओल्या पाटीचा, उन्हात वाळत असलेल्या बांधाचा. ती भीती विसरून रोज सकाळची वाट बघू लागली.

त्रीनाने एकदा खारवलेला मासा भाजला आणि वर तीच वाइन प्यायली. "बाई, ही वाइन पोट भरत नाही, भूक लावते," ती म्हणाली. "आणखी मासा खावासा वाटतो, आणि मासा खाल्ला की आणखी ही."

उपासाचा काळ आला. काश्पार मनाने वाईट नव्हता. तो मधाचे मडके घेऊन आला. "ओत पिंपात आणि ढवळ. कोण विचारतंय?" वालबुर्गाने मडके ठेवून घेतले. रात्रभर ते तिच्या उशाशी होते. सकाळी तिने त्यातला मध योस्टच्या मुलांना भाकरीवर घालून दिला.

मठाचे कोठीप्रमुख ब्रदर आन्सेल्म आले. जाडजूड, दमलेले गृहस्थ. उपासात मांस वर्ज्य असल्याने मठात रोज खारा मासा शिजत होता, आणि घरोघरची गोड वाइन चाखून त्यांचे तोंड आधीच मिटले होते. त्यांनी वालबुर्गाचा पेला तोंडाला लावला आणि आवळा चावल्यासारखा चेहरा केला.

"बाई, हिचा गोडवा कुठं गेला?"

"मी चूल पेटवली, ब्रदर," ती म्हणाली. "माणसं गारठली होती. नियम मला माहीत होता. तुम्ही उतार काढून घेतलात तर मी भांडणार नाही. पण एक घोट माशाबरोबर घेऊन बघा."

त्यांनी त्रीनाने पुढे केलेला मासा खाल्ला आणि पेला उचलला. मग पुन्हा मासा घेतला. आवळ्यावर साधे पाणी गोड लागते ना, तसा प्याला खाली ठेवल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते उठले. मग बाहेर गेले, बांधावरचा एक दगड उचलून हुंगला आणि परत आले.

"इतकी वर्षं मी ह्या टेकडीची वाइन पितो," ते म्हणाले. "टेकडी आज प्यायलो. उतार तुझाच. पण पुढच्या वर्षीही मला हीच हवी."

वालबुर्गाचा जीव भांड्यात पडला. तरी ती गप्प बसली नाही.

"त्यासाठी चूल पेटवावी लागेल. आणि वाइनसाठी म्हणून मी ती पेटवणार नाही. कुणी गारठलेलं दाराशी आलं तरच."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर मग तुम्ही गोड प्या."

आन्सेल्म हसले, म्हणे, आणि मठाने ही अट कायमची मान्य केली.

आजही कडाक्याच्या थंडीत ह्या तळघराचे दार गाव उघडे ठेवते. नदीवर आता मासळीच्या नावा नाहीत. कधी गाडी बंद पडलेला ट्रकवाला येतो, कधी वाट चुकलेली सायकलस्वारांची जोडी, एकदा तर घरात भांडून निघालेले एक आजोबाच आले होते. ते कोण, हे लीनुस आजोबा सांगत नाहीत. कुणीतरी आले की चूल पेटते, पिंपे गुणगुणू लागतात, आणि ती कोरडी, करकरीत वाइन तयार होते. पण एखाद्या वर्षी कुणीच येत नाही. त्या वर्षी क्लिंगनलायची वाइन गोड निघते, आणि आपले दार कुणाच्या उपयोगी पडले नाही म्हणून गाव ती मान खाली घालून पिते.