उजव्या बाजूचा मान

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात दोन कुळं राहत होती. एकाचा सरदार होता म्हातारा टॉर्किल, दुसऱ्याचा तरुण लॅकलन. मधे एकच नदी, पण अलीकडचा माणूस पलीकडच्याला आपला मानायला तयार नव्हता. एकमेकांची गुरं पळवणं तर नेहमीचंच.

त्या देशात एक रीत होती. लढाईत राजाच्या उजव्या बाजूला उभं राहणं हा सगळ्यात मोठा मान. तो पिढ्यान्‌पिढ्या टॉर्किलच्या कुळाकडे होता, आणि त्यावरून लॅकलनच्या कुळाच्या पोटात तितक्याच पिढ्या दुखत होतं.

एकदा दक्षिणेकडच्या राजाने भली मोठी फौज घेऊन स्वारी केली. तो जिंकला असता, तर स्कॉटलंड हे नावसुद्धा उरलं नसतं. सगळी कुळं आपल्या राजामागे माळावर गोळा झाली. समोर शत्रू ओढा ओलांडू लागला, त्याचे भाले उन्हात चमकू लागले, आणि नेमका त्याच वेळी लॅकलन अडून बसला.

"उजवी बाजू आम्हाला द्या. नाहीतर आम्ही हे निघालो घरी!"

लग्नात मानपानावरून रुसणारे पाहुणे आपण पाहतो. हा पठ्ठ्या रणांगणावर रुसला! राजाने परोपरीने समजावलं, पण तो हलेना. त्याची माणसं तलवारी म्यान करू लागली.

टॉर्किलचा धाकटा भाऊ ईनस भडकला. "जाऊ दे त्यांना, दादा! बाबांनी त्या जागेवर जीव दिलाय."

"देशासाठी दिला," टॉर्किल म्हणाला. "जागेसाठी नाही."

 मग तो सगळ्यांसमोर चालत लॅकलनकडे गेला.

"उजवी बाजू तुझी. पण सांभाळ पोरा, पहिला घाव तिथेच बसतो."

लॅकलन आपली माणसं घेऊन धावतच उजवीकडे गेला.  बॅगपाइपचे सूर घुमले आणि लढाईला तोंड फुटलं!

शत्रूचा सगळा जोर उजवीकडे आला. लॅकलनची फळी वाकली, मागे सरकली, आता फुटणार! तेवढ्यात डावीकडून टॉर्किल आपली माणसं घेऊन धावत आला. तिथे प्रत्येक कूळ आपल्याच नावाची आरोळी ठोकत असे. टॉर्किलने मात्र छाती फुटेस्तोवर आरोळी दिली, "स्कॉटलंड!"

असली आरोळी कोणी कधी ऐकली नव्हती.  मग लॅकलनही ओरडला, "स्कॉटलंड!" बघता बघता सगळा माळ त्या एका नावाने दणाणून गेला. कोण कुठल्या कुळाचा, कोणाला कळेना आणि कोणी विचारीना. शत्रूची फळी फुटली. जो तो ओढ्याकडे पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी शत्रूला सीमेपार हाकलायचं होतं. राजाने फौज उभी करायला सांगितली. पाहतो तर उजवी बाजू रिकामी!

"तिथे तुम्ही उभे राहा, काका," लॅकलन म्हणत होता.

"छे! काल ती तू राखलीस, आता तुझीच," टॉर्किल ऐकेना.

दोघेही हट्टाला पेटले. राजा खो खो हसला.

"अरे, शत्रू पळतोय! भांडायचंच असेल, तर चालता चालता भांडा!"

तात्पर्य: देशावर संकट आलं असताना जो आपला मान आनंदाने दुसऱ्याला देतो, त्याच्यामुळेच वेगवेगळ्या कुळांचा एक देश होतो.