हुलग्याची परतफेड

“माझा हुलगा परत कर! दुसरीकडचा चालणार नाही. मेंढ्यांनी खाल्ला तोच हवा, आणि त्याच रानात हवा!” राजा रणधवल गरजला.

समोर मायाक्का धनगरीण उभी होती. दुपारी तिला जरा डुलकी लागली आणि तिच्या मेंढ्यांनी राजाच्या रानातलं हुलग्याचं उभं पीक फस्त केलं.

“धान्य भरून देते, महाराज.”

“धान्याने कोठारं भरलीत माझी! तोच हुलगा दे, नाहीतर सगळा कळप माझा!”

मेंढ्या गेल्या तर खायचं काय? मायाक्काने रानाकडे पाहिलं. तांबडी, मुरमाड जमीन. तिथे हुलगासुद्धा वीतभरच वाढायचा. बघता बघता तिला हसू फुटलं.

“देते की! पण पुढच्या सुगीपर्यंत मुदत द्या. आणि रोज संध्याकाळी मेंढ्या इथेच बसवू द्या.”

“आता काय खाणार इथे? दगड?”

“खाणार नाहीत, महाराज. खाल्लेलं फेडणार!”

राजा आणि त्याचे गडी खो खो हसले. गंमत म्हणून राजाने मुदत दिली.

मेंढ्या दिवसभर माळावर चरायच्या. संध्याकाळी मायाक्का रानात जाळीचं कुंपण लावून त्यांना आत बसवायची. रोज जागा बदलायची. उन्हाळ्यात सगळ्या रानावर लेंड्यांचा थर झाला. राजाच्या गड्यांनी तो नांगरून मातीत मिसळला आणि पावसावर नेहमीचंच बी पेरलं.

सुगीला राजा आला आणि बघतच राहिला! हुलगा गुडघ्याला लागत होता, शेंगांनी लगडला होता. माती हातात घेतली तर मऊ, भुसभुशीत!

“पीक झकास आहे,” तो म्हणाला, “पण हा नवा हुलगा. मला तोच हवा होता!”

“तोच आहे, महाराज! मेंढ्यांच्या पोटातून मातीत गेला, मातीतून वर आला. मधे जरा वेश बदलला, एवढंच!”

“असं? मग हा जास्तीचा कुठला? माझा तर एवढा नव्हताच!”

“तो माळावरच्या गवताचा. म्हणजे माझा! माझा तेवढा वेगळा निवडून द्या. पण तोच हं, दुसरा चालणार नाही!”

राजाने रानाकडे पाहिलं, मायाक्काकडे पाहिलं आणि पोट धरधरून हसायला लागला.

“हरलो, बाई! कळप तुझाच. सुगीनंतर राज्यातलं प्रत्येक रान तुझ्या मेंढ्यांना मोकळं, आणि जिथे बसवशील तिथलं पोतंभर धान्य तुझं! पण उद्या आधी माझ्या आमराईत बसव!”