काचघरातली पिओनी

विलायतेत व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. मिसेस पेनफोल्ड फुलांवर जीव टाकायच्या. आपल्या पिओनीला गारठा बाधेल म्हणून त्यांनी तिला बागेतून उपटून काचघरात कुंडीत लावलं आणि हिवाळाभर शेगडी विझू दिली नाही.

पिओनीला पानं भरपूर आली, पण कळी काही धरेना.

"अगं, एखादं तरी फूल दे," शेजारचं ऑर्किड कुजबुजलं. "नाहीतर बाई फेकून देतील तुला."

"देऊ देत," पिओनी म्हणाली. "हिवाळा अंगावर घेतल्याशिवाय आमच्यात कळी धरत नाही. मी कुडकुडेन, पण फुलेन."

शेवटी बाई वैतागल्या. "हिचं इतकं केलं, पण मेलीला त्याचं काही आहे का!" म्हणत त्यांनी तिला उकिरड्यावर टाकायला लावलं. तिथे पुन्हा थंडी आली, तसा तिच्यावर बर्फ पडला. पिओनीने नेटाने मुळं खाली रोवली.

ऊन तापलं, तेव्हा उकिरड्यावर बशीएवढं गुलाबी फूल उमललं. बाई बघतच राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्या शाल घेऊन आल्या, तशी पिओनी धास्तावली. पण बाईंनी शाल स्वतःच पांघरली आणि तिच्याशेजारी बर्फात खुर्ची मांडली.